गुलाबभाऊचा रविवार

लूमखाली धाग्यांचा कचरा साचतो, तसे आमच्या फुटबॉल क्लबात किस्से साचतात. झाडायला जावं तर आणखी उडतात!

मी शिलाँगला शिकले, तिथेच कोचिंगचा कोर्स केला आणि सुरतेत उधन्याला घरी परत आले. आता क्लबची कोच आहे. खेळाडू बहुतेक लूम कारागीर. पुढच्या महिन्यात लीग सुरू होते. यंदा आपण पहिल्या तिनात, हे मी आत्ताच लिहून देते! अडचण एकच. आमचा गोलकीपर गुलाबभाऊ. त्याच्याशिवाय आम्ही काही नाही, आणि त्याचा शेठ रविवारी सोडत नाही.

*

पहिल्याच दिवशी मी घसा बसवून घेतला. "बोला! एकमेकांशी बोला!" अकराही जण गप्प.

शेवटी शिरपूरकडचा गुलाबभाऊ जवळ आला. "ताई, तू काबर बोंबली ऱ्हायनी? आम्ही बोली ऱ्हायनूत. हात देख ना!"

खरंच की! लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. मूठ वर केली की थांब. बोटं डावीकडे झटकली की धागा डावीकडे तुटलाय, पळ! मैदानावरही हीच भाषा.

माझी शिट्टी त्या दिवसापासून पिशवीतच आहे.

*

शेजारच्या सचिन गावच्या टीमला आम्ही तीन-शून्यने हरवलं. त्यांचा कॅप्टन रेफरीकडे तक्रार घेऊन गेला. "सर, ये लोग आपस में बात ही नहीं करते!"

रेफरी म्हणाला, "तो तुम कर लो ना!"

*

एकदा मी आहारावर भाषण दिलं. सकाळी अंडी, केळी, ओट्स.

आमचा फॉरवर्ड गणेश जालन्याचा, सेंट्रिंगच्या कामावर असतो. त्याने विचारलं, "मॅडम, ओट्स कोण खातं?"

"परदेशात घोड्यांनाही देतात. ताकद येते!"

"मग फॉरवर्डला घोडाच घ्या ना!"

*

गुलाबभाऊच्या सुट्टीसाठी मी शेठकडे गेले. या शेठनी तरुणपणी वीस वर्षं स्वतः लूम चालवली आहे, म्हणून मला आशा होती.

"शेठ, फक्त आठ रविवार द्या."

"बेन, फुटबॉलथी कापड बने?"

मग मी सुरूच झाले. कामगाराचं आरोग्य, त्याचा स्वाभिमान, सुरतचं नाव! शेठनी माझ्यासाठी चहा मागवला आणि डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बहु सरस बोल्या. पण चा ठंडी थई गई."

*

गेल्या रविवारी कोसाडच्या टीमशी शेवटची सराव मॅच होती. गुलाबभाऊ कारखान्यात न सांगताच आला. आम्ही एक-शून्यने पुढे होतो आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली.

तेवढ्यात कडेला एक स्कूटर येऊन थांबली. शेठ!

गुलाबभाऊचा चेहरा उतरला. "ताई, नोकरी गयी."

शेठ स्कूटरवरून उतरले नाहीत. कोसाडच्या खेळाडूने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला. शेठ त्याच्या पायांकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी हात वर केला आणि बोटं डावीकडे झटकली.

गुलाबभाऊने डावीकडे झेप घेतली. बॉल थेट छातीवर!

आमची गप्प टीम पहिल्यांदाच बोंबलली. शेठनी स्कूटरला किक मारली आणि जाता जाता ओरडले,

"गुलाब! सोमवारे टाइम पर आवजे!"