मानेवरचा अंधार

भुताचा फोटो घेऊन कुणी आलं, की मी आधी शटर स्पीड विचारतो. वडीगोद्रीला हायवेला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. हललेला हात, काचेतलं प्रतिबिंब, लेन्सवरची धूळ... असली सगळी भुतं मी माउसनं पुसलीत. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

तीर्थपुरीचा भागवत दुपारी आला, सोबत त्याचे दाजी. भागवतची बहीण सविता, म्हणजे या दाजींची बायको, सासरी विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला म्हणे! पोलिसांत न कळवताच उरकलं होतं सगळं. तेराव्यासाठी फोटो हवा होता आणि तिचा एकटीचा एकच फोटो दाजींच्या मोबाइलमध्ये होता — महालक्ष्म्यांपुढे बसलेली. मागे लायटिंगचा झगमगाट, तोंड अंधारात. आपल्याकडे हे ठरलेलंच... बाईला दिव्यांपुढे बसवायचं, आणि वर म्हणायचं चेहरा काळा आला.

"भाऊ, तोंड बराबर दिसू द्या," भागवत म्हणाला. "माय रडून राह्यली. लेकीचं तोंड बघू द्या म्हणती."

आधी हायलाइट, म्हणजे उजेडाच्या जागा, खाली ओढले. मुखवटे, फुलोरा, लायटिंगची एकेक माळ परत आली. मग शॅडो, म्हणजे अंधाराच्या जागा, वर घेतल्या. कपाळ आलं, डोळे आले, हसू आलं. मान मात्र ठार काळी. अशा जागी फाइलमध्ये काही उरलेलंच नसतं; कितीही ओढा, नुसता राखाडी रवा निघतो. तरी सवयीनं ओढलं.

बोटं निघाली.

गळ्यावर रुतलेली, काळीनिळी. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, त्यातली तर्जनी अर्धीच. मी शॅडो खाली केल्या, परत वर घेतल्या. आता तिचे डोळे बाहेर आले होते, ओठ फाटला होता.

भागवत स्क्रीनकडे बघत होता. मग त्यानं काउंटरवरच्या दाजींच्या हाताकडे बघितलं. त्यांची तर्जनी कडबा कटरमध्ये अर्धी गेलेली.

"दाजी... ताई घसरली न्हाई ना?"

दाजी दाराकडे निघाले. भागवतनं लाइटचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्यांच्या डोक्यात घातला. खाली पडल्यावरही घालतच राहिला. "बोल! कसा दाबला गळा, बोल!" मी मध्ये पडलो, तर माझं मनगट मोडलं. पडद्यावर, प्रिंटरवर रक्त उडालं. शेजारचे पंक्चरवाले धावून आले म्हणून दाजी वाचले.

पोलिसांसमोर मी तीच फाइल उघडली. चेहऱ्यावर हसू. मान ठार काळी. शॅडो शेवटपर्यंत ओढल्या... राखाडी रवा. प्रेताची तर राख झालेली. भागवत आज जालन्याच्या जेलमध्ये आहे, आणि त्याची माय सांगत फिरते, पोरगा दुःखानं येडा झाला.

फाइलमध्ये जे नव्हतंच ते आम्हाला कसं दिसलं, मला आजही कळलेलं नाही. भास म्हणावा, तर दोघांना एकच भास कसा होईल? शिवाय...

डोक्याचे टाके निघायच्या आत दाजी एकटेच आले. फोटो न्यायचाय म्हणाले. मी फाइल उघडली, तसं त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तोंड उजळ करा बिलकुल," ते म्हणाले. "मान तेवढी काळीच राहू द्या."