मास्तरांचं इंजिन

मोटार स्कूलचे मास्तर ज्याला गाडी शिकवतात त्याला बाकी काही येवो न येवो, गाडी झटकन बाजूला लावता येते. एवढ्याशा फटीत, मागे घेत, एका दमात. परीक्षा घेणारे साहेब म्हणतात, "या शाळेची माणसं सिग्नलला गांगरतात, चढावर गाडी बंद पाडतात, पण पार्किंग बघावं तर यांचंच." याचं श्रेय सगळे मास्तरांना देतात. खरं म्हणजे ते मास्तरांच्या मोठ्या आतड्याला द्यायला हवं.

हे आतडं कित्येक वर्षं सुजलेलं आहे. डॉक्टरांनी केव्हाच सांगून टाकलंय की पाहुणा मुक्कामालाच आलाय. औषधं घ्यायची, जपायचं आणि तो बोलावील तेव्हा मुकाट उठायचं. मास्तरांची बायको त्या दुखण्याला 'माझी सवत' म्हणते. सकाळी मास्तर पुन्हा पुन्हा आत जायला लागले की ती दाराबाहेरून विचारते, "आज थोरल्या बाईसाहेबांचं कसं काय?"

"रुसल्यात," आतून आवाज येतो.

मग ती डब्यात मऊ शिजवलेलं, बिनतिखटाचं काहीतरी भरते आणि म्हणते, "माझं इतकं ऐकलं असतंत तर!"

सवतीचा पत्ता घराबाहेर कोणाला नव्हता. मास्तर पूर्वी बस चालवायचे. एकदा भरलेली बस भर रस्त्यात उभी करून ते एका अनोळखी घरात शिरले. त्यापायी नोकरी गेली. म्हणून मोटार स्कूलमध्ये लागल्यापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. पोटात कळ उठली की चेहरा गंभीर करून म्हणायचं, "इंजिन तापलंय. गाडी बाजूला घ्या." शिकणारा घाबरून गाडी बाजूला घ्यायचा आणि मास्तर "पाणी बघतो" म्हणून गडप व्हायचे. आता हे इंजिन नेहमी वाचनालयासमोर, पेट्रोलपंपाशी नाहीतर फर्निचरच्या दुकानापाशीच का तापावं, हे कोणी विचारलं नाही. फर्निचरवाल्याची तर अजून खात्री आहे की हे गृहस्थ एक ना एक दिवस सोफा घेणार.

पण शिकणाऱ्यांनी शाळेच्या मालकीणबाईंच्या कानावर घातलंच : गाडी फार तापते. बाईंनी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना धारेवर धरलं. मिस्त्रींनी पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर बदलला, पंखा बदलला. इंजिन आपलं तापतंय ते तापतंयच. शेवटी बाई म्हणाल्या, "मिस्त्री, हे काही तुमच्या हातून होत नाही. यापुढे आपल्या सगळ्या गाड्या दुसऱ्या गॅरेजला जातील."

मिस्त्रींचं गॅरेज चालायचं ते याच गाड्यांवर. मास्तरांना हे कळलं तेव्हा सवतीनं आतून असा चिमटा काढला की ते भिंतीला धरून उभे राहिले.

मिस्त्री मात्र हार मानणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या वेळी ते सरळ मागच्या सीटवर येऊन बसले. पाना मांडीवर, नजर तापमानाच्या काट्यावर. चालवायला बेकरीवाल्या काकू.

"काकू, सावकाश," मास्तर म्हणाले.

"मी सावकाशच आहे. तुम्ही का घामाघूम?"

वाचनालय मागे पडलं. मास्तरांनी दात आवळले. पेट्रोलपंप मागे पडला. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. पण मास्तरांच्या आत तशी सोय कोणी केलेली नव्हती. फर्निचरचं दुकान दिसलं आणि त्यांचा धीर सुटला.

"इंजिन तापलंय! बाजूला घ्या!"

"खोटं!" मागून मिस्त्री गरजले. "काटा जागचा हललेला नाही!"

"मिस्त्री, भांडण नंतर!"

ओव्हनमध्ये ट्रे सरकवावा तशी काकूंनी दोन गाड्यांच्या मधे मोटार घातली. ती पुरती थांबते न थांबते तोच मास्तर दुकानात पळाले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पंप, पंखा, रेडिएटर, सगळं नव्या नवरीसारखं चकचकीत. त्यांनी एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा दुकानाच्या दाराकडे.

"आत्ता उजेड पडला?" काकू म्हणाल्या. "मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. पाणी बघणारा माणूस बॉनेटकडे पाठ करून कशाला पळेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. शिवाय पार्किंग किती छान जमायला लागलं मला!"

मास्तर पडल्या चेहऱ्यानं परत आले.

"मास्तर, कोणाचं इंजिन तापतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझं," मास्तर म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले.

"अहो, त्या पंख्याला मी काय काय शिव्या दिल्या!" मिस्त्री म्हणाले. मग आवाज खाली आला. "माझं गॅरेज बसेल, मास्तर."

मास्तर गाडीत बसले आणि म्हणाले, "काकू, गाडी शाळेकडे घ्या."

बाई टेबलाशी बसल्या होत्या. मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, गाडी कधी तापलीच नाही. माझं आतडं आजारी आहे." बसचीही हकिगत सांगितली. "काढायचं तर मला काढा. मिस्त्रींना नको."

बाईंना समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे तुमचं पोट बिघडलं म्हणून मी रेडिएटर बदलला?"

"पंपसुद्धा," मिस्त्री म्हणाले.

"पंखा सांगायचा राहिला," दारातून काकू.

बाईंना हसू येत होतं, पण त्या रागावलेल्याही होत्या, त्यामुळे दोन्ही नीट जमेना. "आजाराचं सोडा, तो काय तुम्ही हौसेनं आणलात? पण मला सांगायला काय झालं होतं? गाड्या मिस्त्रींकडेच राहतील."

"आणि मी?"

"तुम्ही गेलात तर पार्किंग कोण शिकवणार? मी शिकवायला बसले तर नुसती ओरडते. पण पुन्हा खोटं बोललात तर त्या पंपाचे पैसे घेईन."

दुसऱ्या दिवशी नवा शिकाऊ आला, स्टिअरिंगला मिठी मारून बसणारा एक भित्रा गृहस्थ. वाचनालय दिसलं आणि मास्तरांच्या पोटात कळ उठली. "इंजि..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली.

"मला पोटाचा आजार आहे. आत्ताच्या आत्ता जायला हवं. गाडी बाजूला घ्या."

"हो हो," गृहस्थ दचकून म्हणाले. "इंजिनबिंजिन तर नाही ना तापलं?"

मास्तरांचा एक पाय बाहेर पडलाच होता. तशा घाईतही ते वळले.

"इंजिनाला नावं ठेवायची नाहीत! आमच्या मिस्त्रींच्या हातचं आहे ते!"

आणि पळाले.