एका पंपावर स्टीअरिंग आणि ब्रेक

सुहृदहो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून आपल्या या ई-मेल मंडळास लिहितो.

माझा मुलगा श्रीधर याने जुन्या जीपला पॉवर स्टीअरिंग बसविले असून त्याला तेलाचा दाब देणाऱ्या पंपावरच ब्रेकही जोडले आहेत. सुनेस व तान्ह्या नातीस पेणहून रोह्यास आणण्याचा मुहूर्त उद्याचा आहे.

आज आम्ही जवळच्या निडी गावापर्यंत जाऊन पाहिले. वळणावर त्याने ब्रेक दाबताच पेडल दगडासारखे घट्ट झाले. ब्रेक लागला नाही; जीप शेताच्या बांधाला टेकून थांबली.

गॅरेजवाले इक्बालभाई म्हणाले, "दाब कमी पडतो. वळवायला पुरतो, ब्रेकला उरत नाय. मोठा पंप बघावा लागंल."

"वळणावर ब्रेक दाबणारच नाय," श्रीधर म्हणाला.

"आणि समोर म्हैस आली तर? तिला मुहूर्त सांगशील?" मी विचारले.

मी एस.टी.ने जाण्याचे सुचविले. तो म्हणाला, "आबा, मग ही बनवली कुणासाठी?"

नारळ फोडल्यावाचून आमच्याकडे नवे वाहन प्रवासास निघत नाही. उद्याच्या पूजेसाठी आणलेला नारळ मी गुपचूप देवघरात नेऊन ठेवला आहे.

जपास बसलो, पण कान अंगणातल्या जीपकडेच आहेत. किल्ली अजून श्रीधरच्या खिशात आहे. माझ्या जागी आपण असता तर ती मागितली असती का?