देवगाव फाट्यावरची ओटी

फोन आला तेव्हा मी सेलूच्या बाजारात खण निवडत होते. पंचमी तोंडावर आली होती. शकूला हिरवा नको, अंजिरीच हवा होता, म्हणून दुकानदाराशी माझी हुज्जत चालली होती. फोनवर तिची लेक होती. "मावशी, आई सडा टाकता टाकता पडली..." पुढचं तिला बोलवेना, ते तिच्या चुलत्यानं सांगितलं. मी पैसे दिले, खण पिशवीत टाकला आणि गाडी काढली. आता हा खण कशाला घेतलास, असं स्वतःला विचारायचं भान चारठाण्याच्या रस्त्याला लागल्यावर आलं. डिकीत नारळ, तांदूळ आणि हळकुंड-सुपारीची पुडी आधीपासूनच होती.

शकू म्हणजे शकुंतला, माझी शाळेपासूनची मैत्रीण. पालमच्या पुढे, गोदावरीच्या काळ्या रानात आमचं दोघींचं गाव. लग्न होऊन ती चारठाण्याला गेली, मी सेलूला आले. माझ्या घरच्यांनी ते गाव कधीच सोडलं. तिचं माहेर मात्र आई होती तोवर टिकलं. आई गेली आणि भावाचं बोलावणं बंद झालं. का, ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. सासरी तर तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही. थोरल्या जावेला न्यायला दर पंचमीला भाऊ जीप घेऊन यायचा, सोबत लाडवांचा डबा. त्या घरात शकूनं कोणत्या तोंडानं सांगायचं, की मला आता कुणी बोलवत नाही? "माहेर आटलेल्या बाईचं घरात कुणी आईकत न्हाई, बेबे," ती म्हणायची. मला हे पटायचं नाही आणि आम्ही त्यावरून कडाकडा भांडायचो. पण राहायचं तिला होतं तिथं, मला नाही.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या पंचमीला ती नेहमीसारखी पिशवी भरून निघाली. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सेलूच्या बसमध्ये बसवून दिलं. सेलूहून परभणी आणि तिथून पालम, हा तिचा जुना रस्ता. ही बाई देवगाव फाट्यावरच उतरली आणि मला फोन केला, "न्यायला ये." मी नवरा गेल्यावर त्याची जुनी गाडी चालवायला शिकले होते, आणि तेव्हा तिसऱ्या गिअरच्या वर जायची मला धास्ती वाटायची. पोचले तर ही हॉटेलच्या मागं, डोक्यावरून पदर ओढून उभी, चोरी केल्यासारखी. म्हटलं, चल घरी. तर म्हणाली, "रातच्याला येते. दिसा सेलूत नगं, बाजाराला आमच्या गावची मानसं येतेत. कुटं बी मोकळ्यावर ने, जिथं वळकीचं कुणी न्हाई." आमच्या सहली अशा सुरू झाल्या, लपायला जागा हवी म्हणून.

आणि तशी जागा होती जिंतूरच्या डोंगरात. म्हणजे पुन्हा तिच्याच गावावरून जाणं आलं! चारठाणा जवळ आलं की शकू मागच्या सीटखाली बसायची, वरून माझी गोधडी. एका वर्षी ऐन थांब्यावर म्हशी आडव्या आल्या. समोर पानटपरीवर दाजी उभे. "दाजी," मी पुटपुटले. मागून गोधडी बोलली, "वळकलं तर हात कर. गप बसलीस तर जवळ येतेल." दाजींनी ओळखलंच. त्यांनी हात केला, मीही केला. ते दोन पावलं पुढं आले... तेवढ्यात शेवटची म्हैस बाजूला झाली आणि मी गाडी अशी काही पळवली की नवरा असता तर ओरडला असता. बऱ्याच पुढे गेल्यावर शकू गोधडीतून बाहेर आली, ती हसून हसून डोळे पुसत.

नेमगिरीच्या वाटेवर पंचमीच्या दिवसांत सागाला पांढरा तुरा आलेला असतो. घरात गुडघे धरून उठणारी शकू तिथं माझ्या पुढे भराभरा चढायची. वर खडकावर बसून भाकरी-ठेचा खायचा, मग ती गप्प व्हायची. येलदरीला धरणाच्या पाण्याकाठीही तसंच. एवढं पाणी बघून करतेस तरी काय, मी विचारायचे. "काय न्हाई. कुनाला च्या पायजे का, ते इचारावं लागंना," ती म्हणायची.

येलदरीलाच एकदा दाजींचा फोन आला. "भाऊ हाय का जवळ? दे जरा." मागं सहलीला आलेली पोरं आरडत होती. "त्यो रानात गेलाय," शकू म्हणाली. "मग पोरं कुनाची आरडायलीत?" "शेजाऱ्याची." "बरं, वहिनीला दे." मी दोन्ही हातांनी नको नको करत होते, तरी या बाईनं फोन माझ्या हातात दिला. मी पदर तोंडावर धरला, "आईकू येईना हो, रेंज न्हाई," असं काहीतरी बरळले आणि फोन बंदच करून टाकला. त्या दिवशी भाकरीला कुणी हात लावला नाही.

खरी कसोटी परतताना, फाट्यावर. माहेराहून निघालेली लेक रिकाम्या ओटीनं येत नाही. ओटी सवाष्णीनं भरायची आणि मी तर विधवा. हॉटेलवालीला सांगू, मी म्हटलं. शकू ऐकेना. "तू नेलंस, तूच भर. मला तुझ्याच हातची पायजे." गाडीच्या काचा वर करून मी तिची ओटी भरायचे. कुंकवाचा करंडा गाडीच्या कप्प्यात असायचा. घाईत दरवेळी कुंकू सीटवर सांडायचं. कळलं असतं तर माहेर खोटं होतंच, वर विधवेच्या हातची ओटी. तिला त्या घरात मान वर करू दिली नसती.

एकदा डोंगरात चिखल झाला होता. रात्री घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की काळ्या रानातल्या माहेराहून आलेल्या बाईच्या चपला तांबड्या मुरमानं भरल्यात आणि त्या ओसरीवर सगळ्यांसमोर पडल्यात. उठून जावं तर सासू तिथंच झोपलेली. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी बघते तर चपला धुऊन उन्हात ठेवलेल्या. लेकीनं धुतल्या असतील, असं तिनं धरून घेतलं, आणि मीही. पुढे दरवेळी त्या अशाच धुतलेल्या असायच्या.

खण घेऊन मी पोचले, त्या दिवशी अंगणात शकूला ठेवलं होतं. सवाष्ण गेली की शेवटची ओटी माहेरची लागते. भावाला सकाळीच कळवलं होतं, तो निघतो म्हणाला होता. ऊन चढत गेलं, कुणी येईना. दाजी पुन्हा पुन्हा फोन लावत होते, तो उचलला जात नव्हता. बायकांत बसलेली थोरली जाऊ हळूच म्हणाली, "दर पंचमीला जायची की ही. मग मेल्यावर बी कुणी येईना, असं कसं?" एकीनं दुसरीकडे बघितलं, दुसरीनं तिसरीकडे. इतकी वर्षं जे झाकलं ते आता उघडं पडणार होतं, आणि शकूला त्यावर एक शब्द बोलता येणार नव्हता. मला तिचा नाही, त्या बायकांचा राग आला.

तिच्या सासूबाई, आत्याबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. "बेबे, गाडीत ओटी असंल ना? घिऊन ये." मी जागची हलले नाही. "पंचमी आलीय. आनलीच असशील."

"आत्याबाई, हिच्या हातानं?" जाऊ म्हणाली. "ही तर..."

"इतकी वर्सं हिच्याच हातची ओटी आली ह्या घरात. काय वंगाळ झालं? तिचं माहेर हेच हाय."

दाजी फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी अंजिरी खण शकूच्या ओटीत घातला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. या वेळी कुंकू सांडलं नाही. भाऊ नंतर परस्पर स्मशानात आला म्हणे आणि लांब उभा राहिला.

तेराव्याला मी निघताना आत्याबाई गाडीपर्यंत आल्या. पदराखालून त्यांनी शकूच्या चपला काढल्या, तांबड्या मुरमानं भरलेल्या. यंदा आखाडातही माहेरचं निमित्त काढून आम्ही गेलो होतो, तेव्हाच्या. "मी तापानं पडले व्हते, ह्या धुवायच्या राहिल्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "दर पंचमीला तू गावावरून जिंतूरकडं जायचीस, हात करून, लेक सांगायचा. अन् हिच्या चपलेला ही माती. काय बघाय जात व्हत्या गं तुमी तिथं?"

म्हटलं, "चला आत्याबाई, दाखवते."

"आता न्हाई. तिचं वर्स सरू दे," त्या म्हणाल्या आणि चपला मागच्या सीटखाली ठेवल्या, शकू बसायची तिथं. मी गाडी धुते, करंडा पुसते, पण त्या चपलांवरचा मुरूम तसाच ठेवलाय. वर्ष सरलं की आत्याबाई फाट्यावर उभ्या राहणार आहेत.