साडेदहाची मध्यरात्र

अण्णा गेल्याचा मेसेज मोबाइलवर आला, तेव्हा मी पंचवटीत मेथीच्या जुड्या निवडत होतो. वाईट वाटलं का? खरं सांगतो, आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या दैनिकात पहिल्या पानावर चौकट होती. अण्णांचं निधन 'सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी'. मिनिटासकट! मुख्य उपसंपादकाच्या खुर्चीत बसून ज्यानं जन्मभर लोकांच्या वेळा हव्या तशा हलवल्या, त्याची वेळ मात्र कुणी हलवली नाही. शोकसभेत सगळे गहिवरले होते. मी मागच्या रांगेत बसून चहा पिऊन परत आलो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी अण्णांच्या हाताखाली वार्ताहर म्हणून लागलो. मध्यरात्र हा त्यांचा लाडका शब्द. चोरी झाली की ती मध्यरात्रीच, कारण चोराला कुणी पाहिलेलंच नसायचं. पुढाऱ्यांची बैठक नऊला जेवणं उरकून मोडली तरी खलबतं मध्यरात्रीपर्यंत चालायची. चांदवडच्या घाटात कांद्याचा ट्रक दहाला उलटो की पहाटे तीनला, छापून यायची मध्यरात्र. मी एकदा विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळा, साडेदहा म्हणजे नुसतं घड्याळ. मध्यरात्र म्हणजे बातमी." सगळं टेबल हसलं. मीही हसलो, आणि पुढं नव्या पोरांना ते वाक्य माझंच म्हणून ऐकवलंसुद्धा.

निर्मला तेव्हा वीस वर्षांची होती. सातपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दहाला सेकंड शिफ्ट सुटल्यावर ती शेअर रिक्षानं घरी निघाली आणि त्र्यंबक रोडवर रिक्षा दुभाजकावर चढून उलटली. तिचा हात मोडला. सकाळी दवाखान्यात तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून मी वेळ विचारली. "साडेदहा. घड्याळ बघितलं ना मी, आई जेवायची थांबती," ती म्हणाली. मी तसंच लिहून दिलं. छापून आलं, 'मध्यरात्री रिक्षा उलटून तरुणी जखमी'. खाली तिचं नाव, वडिलांचं नाव, मखमलाबादचा पत्ता, सगळं चोख. शिफ्टची ओळ तेवढी जागेअभावी कापली होती.

चौथ्या दिवशी दुपारी निर्मला आणि तिचा बाप कार्यालयात आले. बाप मळ्यातली भाजी विकणारा. चपला दाराबाहेर काढून आत आला आणि अण्णांच्या टेबलावर त्यानं कारखान्याचं हजेरीकार्ड ठेवलं.

"साहेब, चांदवडचे पाव्हणे सुपारी मोडायला निघालेत. म्हणत्यात, पोरगी मध्यरात्री कुठून येत व्हती? ह्ये बघा ना, कार्डावर धा वाजून चार मिन्टं हायेत. येवढी एक ओळ छापा. लय उपकार व्हतील."

अण्णांनी कार्डाला हातही लावला नाही. मला हाक मारली. "बातमी तुझी ना? किती वाजता झालं हे?"

मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो आणि कायम करायच्या नावांची यादी अण्णांच्या हातात होती. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून निर्मला माझ्याकडेच बघत होती. आता हे सांगतील, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं...

"पोलिसांनी मध्यरात्रच सांगितली," मी म्हणालो.

अण्णा तिच्या बापाला अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अहो, दुरुस्ती छापली की ज्यांनी वाचलं नव्हतं तेही वाचतात. पोरीच्या भल्याचं सांगतोय." बापानं कार्ड उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात ठेवलं. दोघं गेल्यावर अण्णांनी माझ्यासाठी चहा सांगितला. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. निर्मलाचं लग्न मोडलं, बापानं तिची नोकरी सोडवली आणि वर्षाच्या आत तिला नांदगावकडच्या एका बिजवराला देऊन टाकली.

आता पुरवणीसाठी अण्णांवर लिहा, असा फोन आला तेव्हा मनात म्हटलं, म्हाताऱ्याची सालटीच काढतो. एसटी धरून नांदगाव गाठलं. निर्मलाबाई पिठाच्या गिरणीवर बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. अण्णा गेले, मध्यरात्र त्यांनी घातली होती, मी साडेदहाच लिहिलं होतं, असं मी घाईघाईनं सांगून टाकलं.

"त्यांनी घातली असंल," त्या म्हणाल्या. "पण ते मला कुठं वळखत व्हते? तुम्ही माझ्या कॉटपाशी बसून टाइम लिहून घेतला व्हता."

मी म्हटलं, आता सगळं खरं छापतो. शिफ्ट, कार्ड, साडेदहा...

त्यांनी गिरणी बंद केली आणि दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहून घेतलं. "माझं नाव टाकू नका. मी कारखान्यात व्हते, हेच इथं कुणाला माहीत नाय. लग्नात सांगितलंच नव्हतं. पोरीचं जमवायचं चाललंय माझ्या."

म्हणून तिचं निर्मला हे नाव खोटं आहे आणि नांदगावही खोटं आहे. लेखावर छापलंय ते माझं नाव मात्र खरं आहे.