कोपऱ्यातला रिकामा चौकोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भवानी पेठेतल्या एका चादर कारखान्यात नक्षी काढणाऱ्या मास्तरांचं बारा दिवसांचं काम वाया गेलं, ते माझ्यामुळं. खापर मास्तरांवर फुटलं आणि मी चहाचा कप हातात धरून ते फुटू दिलं.

चादरींची नक्षी संगणकावर काढायचं सॉफ्टवेअर मी तयार करतो. तेव्हा ते नवं होतं आणि बसवायला मी स्वतः जायचो. बसवताना अकरा वेळा 'नेक्स्ट' दाबावं लागायचं. मध्येच इंग्रजी अटींचं लांबलचक पान यायचं.

"हे काय कबूल करायला लावतंय ओ?" मालकांनी विचारलं.

"अटी आहेत."

"तुमी वाचल्या का?"

"नाही."

"लिहिल्या तर तुमीच की!"

खरं तर त्या मी दुसरीकडून उचलल्या होत्या. मालकांनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मास्तर साठीच्या पुढचे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. तीस वर्षं आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून त्यांनी मोर, कमळं, वेलबुट्ट्या काढलेल्या. मालकांनी त्यांच्यासमोरच सांगून टाकलं होतं, "पंधरा दिवसांत एक नक्षी ह्याच्यावर पुरी झाली तर खुर्ची मास्तरांची. न्हाय तर पुण्याहून माणूस आणतो."

चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन आला.

"सर, एक चौकोन रिकामा ठेवायचाय. मशीन ठेवू देईना."

"कुठला?"

"कोपऱ्यातला. नक्षी पुरी भरली की दृष्ट लागते. आमच्या वडलांपासून ठेवतो आमी. मागावर चढवताना तो शेजारच्या रंगात विणून घेतो, कुणाला कळत बी न्हाय."

"मग आत्ताच भरून टाका की."

"आत्ता कसं भरू? अजून मागावर कुटं चढलीय?"

मी फोनवर हात ठेवून हसलो. प्रत्येक चौकोनाला रंग दिल्याशिवाय सेव्ह होणार नाही, असा नियम मीच घातला होता. शिस्त म्हणून. 'इनव्हॅलिड इनपुट' अशी लाल पाटी यायची आणि सोबत कुणी ताटलीवर चमचा आपटावा तसा आवाज. "बघतो," म्हणालो. बघितलं नाही. माणसानं यंत्राकडून शिकावं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

मास्तरांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. सेव्ह होत नाही ना, मग संगणक बंदच करायचा नाही. स्विचवर मराठीत आणि तेलुगूत चिठ्ठी चिकटवली: 'बंद करू नये. हुकमावरून, मास्तर.' संध्याकाळी पडद्यावर कारखान्यातलाच टॉवेल टाकायचे. सकाळी तो उचलून विचारायचे, "झोप झाली का?" स्विचच्या दिशेनं कुणी पाऊल टाकलं की ओरडायचे, "एमय्या, ए बाबा, लांब!" झाडणाऱ्या बाईंनी त्या कोपऱ्यात झाडू मारणंच सोडलं. तिथं कापसाची गादी साचली.

बाराव्या दिवशी तो चौकोन सोडून बाकी नक्षी भरून झाली होती आणि भरदुपारी लाईट गेली. बॅटरीनं सात मिनिटं तग धरला. त्या सात मिनिटांत तो एक चौकोन भरला असता तर सगळं वाचलं असतं. मास्तरांनी भरला नाही. पाटी लाल होत राहिली, चमचा वाजत राहिला आणि पडदा काळा झाला.

मालकांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला.

"साहेब, खरं सांगा. चूक मशीनची का माणसाची?"

मास्तर दाराशी उभे होते. मी चहाचा घोट घेतला, जरा जास्तच वेळ घेतला.

"सेव्ह करायचं राहिलं त्यांच्याकडून."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मला फोन केला होता हे ते सांगू शकले असते. ते एवढंच म्हणाले, "व्हय मालक, राहिलं."

सोमवारपासून मास्तर चादरींच्या घड्या घालायला बसले. त्यांच्या खुर्चीवर पुण्याहून आलेल्या बाई बसल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन: "अहो, अर्धवट काम सेव्हच होत नाही यात! कुणी केलंय हे?" मी वीस मिनिटांत तो नियम काढून टाकला. वीसही नाही, मधे एक भजं खाल्लं.

पुढं मी सगळं मराठीत केलं. अकरा 'नेक्स्ट'चं एक 'पुढे' झालं. लाल पाटी गेली, तिच्या जागी 'अर्धं असलं तरी चालेल' असं बटण आलं. आता दुसऱ्या कारखान्यांतले लोक म्हणतात, "तुमचं सॉफ्टवेअर लई सोपं बघा, माणसाची अडचण वळखतंय." मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

मास्तर अजून घडीखात्यातच आहेत. त्या कारखान्यात काम निघालं की मी मागच्या दारानं जातो, पुढच्या दाराशी ते बसतात म्हणून. त्यांनी मला आधीच फोन केला होता आणि मी हसलो होतो, हे मालकांना मास्तरांच्या समोर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.