ठणठणीत अक्का

धुळ्यात एका दातांच्या दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावते. आमच्या डॉक्टर मॅडम लग्न होऊन केरळातून आलेल्या. मराठी शिकायची त्यांना भारी हौस. नवा शब्द कानावर पडला की मला विचारून वहीत लिहायच्या.

एकदा एक नाना गाल धरून आले. "दाढ ठणकते," म्हणाले. ते गेल्यावर मॅडमनी विचारलं, "ठण म्हणजे?"

"दुखणं."

"मग ठणठणीत?" हा शब्द त्यांनी सासऱ्यांच्या तोंडून ऐकला होता.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. "दोनदा ठण. म्हणजे डबल दुखणं," मी गंभीरपणे सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. संध्याकाळी खरं सांगायचं ठरवलं आणि विसरले.

दोन दिवसांनी साक्रीकडच्या खेड्यातून एक आबा आणि अक्का आले. दात आबांचा काढायचा होता. त्यांना इंजेक्शन देऊन बाहेर बसवल्यावर मॅडमनी सहज विचारलं, "अक्का, तुम्ही कशा?"

"मी ठणठणीत शे."

मॅडमचा चेहराच उतरला. त्यांनी अक्कांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"माले काय व्हयनं?" अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी मध्ये पडायला हवं होतं, पण हसू दाबण्याच्या नादात मला बोलताच येईना. अक्कांनी बिचाऱ्यांनी आ केला. मॅडम आरसा फिरवता फिरवता थांबल्या. डावीकडची मागची दाढ पार किडलेली होती.

सुन्न जबड्याने आबा दारातून कसेबसे म्हणाले की, ही वर्षभर एकाच बाजूने जेवते, विचारलं तर काही नाही म्हणते. अक्का ओशाळल्या. त्यांना सुईची भीती होती. मॅडमनी समजूत घातली, तेव्हा पुढच्या खेपेला दाढ काढायला कबूल झाल्या.

ते गेल्यावर मी खरा अर्थ सांगितला. मॅडम ऐकेनात. "तू आधी बरोबर सांगितलंस. दाढ मी डोळ्यांनी पाहिली."

पुढचा आठवडाभर जो कुणी ठणठणीत म्हणाला तो खुर्चीत. एक कुरिअरवालाही त्यात सापडला. मग एके सकाळी घरमालकांनी जिन्यातून हाक दिली, "टाकीत ठणठणाट आहे, पाणी जपून वापरा." मॅडम वही घेऊन माझ्यापुढे उभ्या. "टाकी पण दुखते?"

मी माझा रिकामा स्टीलचा डबा बोटाने वाजवला. धड भांडं असं वाजतं, म्हणून धडधाकट माणूस ठणठणीत. रिकामंही असंच वाजतं, म्हणून टाकीत ठणठणाट. आणि घाव बसावेत तशी कळ मारते, म्हणून दाढ ठणकते. हे सगळं मी तिथल्या तिथे जुळवलेलं, पण त्यांना पटलं. त्यांनी आधीच्या ओळी खोडल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी वही मिटली आणि पुढचा पेशंट बोलावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक मल्याळम वाक्य पाठ करायला लावलं. "जेवलात का, असा अर्थ आहे," म्हणाल्या आणि आईला फोन लावून माझ्या हातात दिला. मी वाक्य म्हटलं. पलीकडे त्या बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात.

मी काय विचारलं होतं, ते मॅडमनी अजून सांगितलेलं नाही.